दुसऱ्याच्या आवाजातला माणूस

मला कुणाचं कौतुक चटकन वाटत नाही. सासूबाई म्हणतात, "हिच्या म्होऱ्यात देव जरी इलो, तरी ही आधी इचारतली, पाय धुतलंस काय रे?" त्यात आमचा धंदा पाहुण्यांचा. तालुक्याच्या कचेरीतली नोकरी लवकर सोडून मी घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्या बांधल्या आणि राहायला-जेवायला माणसं घेऊ लागले. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. घरात सासूबाई आणि मी, आणि समोर खाडी. येणारा पाहुणा आधी विचारतो मासळी ताजी आहे का, आणि मग विचारतो तिला काटे असतात का. अशांत दिवस काढले की थक्क होण्याची सवयच मोडते.

म्हणून त्या हिवाळ्याबद्दल लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतं. त्या हिवाळ्यात मी थक्क झाले, आणि अजून ते पुरतं ओसरलेलं नाही.

दिवाळी उरकल्यावर ते दोघं गोव्याहून आले. म्हातारा आणि त्याची नात, परदेशी माणसं; नात त्याच्याशी रशियनमध्ये बोलायची. नात तिशीची, गोव्यात राहून संगणकावर कसलंसं काम करणारी. आजोबांच्या छातीला त्यांच्या देशातली थंडी सोसेना म्हणून तिने हिवाळ्यापुरतं त्यांना इकडे आणलेलं, आणि गोव्याचा गोंगाट त्यांना सोसेना म्हणून आमच्याकडे. म्हातारा ऐंशीच्या पुढचा, पण ताठ. लांबट चेहरा, फिकट डोळे, पातळ ओठ. पाणी हवं असलं तर तांब्याकडे बघायचा, मीठ हवं असलं तर मिठाकडे. बोलायचा म्हणून नाही. मला वाटलं, शिष्ट आहे. मी मनात त्याचं नाव 'लाटसाहेब' ठेवून टाकलं.

सासूबाईंचं मत दुसऱ्याच दिवशी पक्कं झालं. त्या मागच्या दारी आदाळ्यावर, म्हणजे आमच्या विळीवर, बांगडे कापत बसल्या होत्या. लाटसाहेब आले, शेजारी खाली बसले, खिशातून चाकू काढला आणि एक बांगडा उचलला. एका रेघेत पोट उघडलं, अंगठ्याने आतलं सगळं एकदम बाहेर, पाण्यात बुचकळून टोपात. सासूबाईंनी हात थांबवून दुसरा बांगडा त्यांच्याकडे सरकवला. टोप भरल्यावर मला हाक मारून म्हणाल्या, "ह्यो रशियावालो आपल्यातलोच आसा गो."

नात म्हणाली, आजोबा रशियन नाहीत. बाल्टिक समुद्राच्या काठावरचे आहेत, कोळ्याचा मुलगा. तो भाग तेव्हा सोविएत युनियनमध्ये होता, आता निराळा देश आहे. हे मी सासूबाईंना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, थंडी तीच ना? मग झालं तर. रशियावालो हे नाव चिकटलं ते चिकटलंच. बोलण्याची आमची तऱ्हाही एकदा सांगून टाकते, म्हणजे पुढे घोळ नको. सासूबाई मालवणीत बोलायच्या, मी ते नातीला इंग्रजीत सांगायची, ती आजोबांना रशियनमध्ये. आजोबा नातीच्या कानाशी कुजबुजायचे आणि उत्तर त्याच वाटेने उलट यायचं. साधा 'भात वाढू का' सुद्धा एवढा प्रवास करून यायचा, तोवर भात निवायचा.

एका दुपारी पडवीत वालीच्या शेंगा सोलत बसलो असताना सासूबाईंनी विचारलं, हा तिकडे काय करायचा? नात म्हणाली, सिनेमात काम करायचे. मला हसू आलं. आमच्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाने कुठल्या ना कुठल्या मालिकेत गर्दीत उभं राहून घेतलेलं असतं. माझं हसू तिला दिसलं असावं, कारण ती उठून संगणक घेऊन आली आणि एक जुना, काळापांढरा सिनेमा लावला.

एक मोठा जिना. वरून एक जर्मन लष्करी अधिकारी उतरतोय, घाई नाही, एकेका बोटातून हातमोजा काढत. खाली लोक उभे आहेत. तो शेवटच्या पायरीवर थांबतो आणि त्यांच्याकडे बघतो, एवढंच. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. काही शब्द कळत नव्हते, कुणाला मारलं नव्हतं, आवाज चढवला नव्हता, तरी आता या माणसांचं काही खरं नाही हे मला पोटात कळलं. आणि तोच माणूस माझ्यापासून हातभर अंतरावर बसून वालीचे दाणे ताटात टाकत होता. मी एकदा पडद्याकडे बघत होते, एकदा त्याच्याकडे. तोच चेहरा, पन्नास-साठ वर्षांनी. त्या क्षणापासून बरेच दिवस मी त्याला मनातल्या मनात 'अहो' म्हणत होते.

सासूबाई मात्र कपाळाला आठ्या घालून ऐकत होत्या. जर्मन साहेब बोलायला लागला होता, भरदार, खोल आवाजात. त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "ह्येच्या तोंडात दुसरोच कोण बोलता."

मी म्हटलं, तुम्ही त्यांना बोलताना ऐकलंय कधी? त्या म्हणाल्या, पहाटे खोकतो ते रोज ऐकते, खोकल्यात माणसाचा आवाज कळतो. मी हे हसत हसत नातीला सांगितलं. ती हसली नाही. तिने आजोबांना सांगितलं. आजोबांनी हातातली शेंग खाली ठेवली, आणि सासूबाईंकडे बघून ते हसले. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा.

मग पुढचे कित्येक दिवस, थोडं थोडं करून, नातीने मला त्यांची सगळी कथा सांगितली.

ते तरुणपणी एका बंदरात मासळीच्या कारखान्यात होते. तिथे शूटिंगला एक कंपनी आली. जर्मन सैनिक म्हणून उभं करायला त्यांना चेहरे हवे होते. दिग्दर्शकाने यांना बघितलं आणि म्हणाला, तू घरी जाऊ नकोस. तेव्हाच्या सोविएत सिनेमात खलपुरुष बहुधा परका असायचा, आणि परके चेहरे हवे असले की स्टुडिओवाले बाल्टिकच्या काठावर यायचे. त्यामुळे या कोळ्याच्या पोराने आयुष्यभर काय केलं, तर जर्मन अधिकारी, अमेरिकन हेर, इंग्रज लॉर्ड, एकदा कुठल्याशा तेलकंपनीचा मालक. ज्या देशांत कधी पाऊल ठेवायची परवानगी मिळाली नसती, त्या सगळ्या देशांचा तो साहेब झाला. पंधरावीस वर्षं त्या अवाढव्य मुलखात कुठेही गेलं तरी लोक त्यांना ओळखायचे. आगगाडीत बायका जागा बदलायच्या, काही भीतीने, काही जवळ बसायला.

पण यांचं रशियन मोडकं. तोंड उघडलं की बंदरावरचा माणूस दिसायचा. म्हणून शूटिंगला ते त्यांच्या पद्धतीने बोलायचे आणि नंतर मॉस्कोतला एक नट त्यांच्या ओठांवर आपला आवाज चढवायचा. सुरुवातीपासून तोच एक नट. त्यांची दोघांची ओळख जेमतेम. लोकांची पत्रं यायची, तुमच्या आवाजाने झोप लागत नाही वगैरे, ती पत्रं हे वाचायचे आणि नीट घडी घालून त्या दुसऱ्याला पाठवून द्यायचे. तो नट वारला तेव्हा हे अंत्यसंस्काराला गेले. मागे उभे राहिले. एक बाई रडत रडत यांच्याकडे वळली आणि यांचा चेहरा बघून किंचाळली, कारण तिच्या लेखी आत पेटीत हाच माणूस होता.

त्याआधी एकदा एका गावातल्या सभागृहात प्रेक्षकांच्या भेटीचा कार्यक्रम होता. अशा भेटी तिकडे नेहमी व्हायच्या, नट यायचा, दोन शब्द बोलायचा, फुलं घ्यायचा. इतर वेळी यांच्याबरोबर कुणीतरी असायचं आणि तेच बोलायचं. त्या दिवशी हे एकटे होते. उभे राहिले आणि नमस्कार म्हणाले. सभागृहात खुसखुस झाली. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी अगदी मायेने विचारलं, तुम्हाला सर्दी झालीय का? मग सगळे हसले. हे पण हसले. पण त्या दिवसानंतर चारचौघांत बोलायचं त्यांनी बंद केलं ते आजतागायत.

मी हे ऐकत असताना पोळ्या लाटत होते आणि माझी एक पोळी जळली. मालवणच्या समुद्रकाठची मुलगी मी, मुंबईत शिकायला गेले तेव्हा वसतिगृहात माझ्या तोंडून एकदा 'मला'ऐवजी 'माका' निघालं होतं. त्यानंतर वर्षभर मुली मला त्याच नावाने हाक मारायच्या. मग मी असं मराठी शिकले की कचेरीत लोक विचारायचे, तुम्ही पुण्याच्या का? सासूबाई याला 'हापिसातला मराठी' म्हणतात आणि मी फोनवर ते बोलायला लागले की मुद्दाम भांडी आपटतात. सर्दीची गोष्ट ऐकून मला त्या पहिल्या रांगेतल्या बाईचा जो राग आला, तो थोडा माझ्या पदरचाही होता.

पण नातीचं दुखणं वेगळंच होतं. आजोबांची मातृभाषा रशियन तर नव्हेच, त्यांच्या देशाची मोठी भाषाही नव्हे. किनाऱ्यावरच्या थोड्याशा कोळी गावांपुरती ती भाषा, आता बोलणारे जवळजवळ उरले नाहीत. आजी दुसऱ्या भाषेची, म्हणून घरात ती कधी बोलली गेली नाही. त्यांची बहीण होती तोवर ती दोघं टेलिफोनवर बोलायची. बहीण गेली आणि टेलिफोनही थांबला. नातीने ती भाषा कधी ऐकलीच नव्हती. दर वाढदिवसाला ती आजोबांकडे एकच भेट मागायची, तुमच्या भाषेत काहीही बोला, मी फोनमध्ये भरून ठेवते. दर वर्षी ते म्हणायचे, ती भाषा एकट्याने बोलता येत नाही, समोरून कुणीतरी उत्तर द्यावं लागतं. ती मला म्हणाली, "लाखो लोकांना माझ्या आजोबांचा चेहरा माहीत आहे. त्यांच्या भाषेतला त्यांचा आवाज मीसुद्धा ऐकलेला नाही. ते गेले की तो संपला." मी तिला चहा दिला.

आणि मग देवाने कौल दिला.

आमच्या गावची ही रीत बाहेरच्यांना खरी वाटत नाही. काही वर्षांनी एकदा देवाला विचारतात, आणि त्याने उजवा कौल दिला की सगळं गाव घरंदारं सोडून वेशीबाहेर जातं. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, अंथरुणाला खिळलेले, सगळे. वेशीबाहेर माळावर झावळांच्या खोपी बांधायच्या आणि तिथं राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचं. चौथ्या दिवशी परत कौल लावायचा, देव हो म्हणाला तर परत यायचं, नाही म्हणाला तर आणखी थांबायचं. याला गावपळण म्हणतात. आम्हाला ती दिवाळीपेक्षा लाडकी. मुंबईला असलेले लोक रजा काढून खास पळायला येतात.

मी नातीला सांगितलं, तुम्हाला हवं तर त्या दिवसांत गोव्याला जा, नाहीतर आमच्याबरोबर चला. मात्र घरात राहता येणार नाही. तिला भारी मौज वाटली. तिने आत जाऊन आजोबांना सांगितलं आणि बाहेर आली ती पांढरीफटक होऊन.

आजोबा म्हणत होते, मी कुठेही जाणार नाही. गोव्याला नाही, माळावर नाही. खोलीचं दार त्यांनी आतून लावून घेतलं. दुपारी जेवायला आले नाहीत. मला राग आला, खोटं कशाला बोला. देवाचा नेम आहे, गावाची शिस्त आहे, आमच्या घरात माणूस राहिला तर उद्या तोंड दाखवायला जागा नाही. मी दारावर थाप मारायला निघाले तेव्हा नातीने माझा हात धरला आणि तिला स्वतःलाही अर्धवटच माहीत असलेली एक गोष्ट सांगितली.

आजोबा लहान असताना एका सकाळी सैनिक त्यांच्या गावात आले. किनारा सरहद्दीचा म्हणून तिथं वस्ती नको असं वर ठरलं होतं. लोकांना सांगितलं, थोड्या दिवसांसाठी बाहेर चला, बरोबर फार काही घेऊ नका. आजोबांच्या आईने चूल विझवली, दाराला कडी लावली आणि निघाली. परत कुणालाच सोडलं नाही. होड्या वाळूत पडल्या पडल्या कुजल्या.

मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या तडक उठल्या. गोठ्यातून लाकडं आणली, आमच्या जुन्या चुलीजवळ ठेवली आणि जाऊन म्हाताऱ्याच्या खोलीचं दार वाजवलं. दार उघडल्यावर त्याला मनगटाला धरून सरळ चुलीपाशी आणलं. आमच्या घरची एक सवय आहे. गावपळणीला निघताना चुलीत लाकडं रचून, खाली सोडणं, म्हणजे नारळाची वाळकी सालं, घालून, काडेपेटी शेजारी ठेवायची. पेटवायची नाही. आल्यावर पहिलं काम काडी ओढायचं. सासूबाईंनी लाकडं त्याच्या हातात दिली आणि रच म्हणून खूण केली. तो बघत राहिला. मग गुडघे टेकून त्याने लाकडं रचली, अगदी नीट, मध्ये हवा खेळायला जागा ठेवून. सासूबाईंनी काडेपेटी त्याच्या सदऱ्याच्या खिशात घातली आणि म्हणाल्या, "ही तुजेकडे. तू इल्याशिवाय चूल पेटाची नाय."

हे भाषांतर मी केलं, पण मला वाटतं तोवर त्याला ते पोचलं होतं. दुसऱ्या दिवशी आमच्या कोंबड्यांचा खुराडा डोक्यावर घेऊन लाटसाहेब सगळ्यांच्या पुढे होते.

माळावर त्यांना आमच्यापेक्षा जास्त कामं येत होती. झावळं विणली, दगडांची चूल मांडली, शेजारच्यांची खोपी कलली होती तिला टेकू दिला. संध्याकाळी बायकांच्या फुगड्या, भजनं, खाडीवरून गळाने आणलेली मासळी. सिनेमातला नट आलाय ही बातमी एका दिवसात सगळ्या खोपींत पसरली. लोक येऊन बसायचे आणि एखादा डायलॉग म्हणा असा आग्रह करायचे. ते मान हलवायचे आणि मासे साफ करायला घ्यायचे. नात बिचारी सुरुवातीला फोन सरसावून बसायची, न जाणो. पण माळावर वीज कुठली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन बंद पडला, माझाही पडला, आणि मग सगळ्यांचेच पडले.

शेवटच्या दिवशी उन्हं कलल्यावर सगळे मोकळ्या जागेत जमले. उद्या कौल लागायचा, त्याआधी गाऱ्हाणं घालायचं होतं. आमचे मानकरी एरवी कट्टा गावच्या बाजारात खताचं दुकान चालवतात आणि गिऱ्हाइकाशी जेमतेम बोलतात. पण नारळ हातात घेऊन उभे राहिले की तो माणूस निराळा होतो. देवाला हाक मारून ते एकेक गोष्ट सांगायला लागले. तुझी लेकरं तुझ्या शब्दाखातर वेशीबाहेर राहिली, त्यांना सांभाळ. कुणाच्या घरात दुखणं असेल ते दूर कर. समुद्रात असतील त्यांना सुखरूप आण. प्रत्येक वाक्याला सगळा जमाव एका आवाजात म्हणत होता, "व्हय म्हाराजा!"

म्हातारा मागे उभा होता, सगळ्यांपेक्षा वीतभर उंच. त्याने नातीला काहीतरी विचारलं, नातीने मला. हे काय चाललंय? मी म्हटलं, तो आमची दुःखं देवाला सांगतोय आणि आम्ही साक्ष देतोय. पुन्हा प्रश्न आला, कुठल्या भाषेत? मी म्हटलं, आमच्या इथल्या. त्याचा प्रश्न, तुम्ही फोनवर बोलता त्या नाही? नाही. का?

कलेक्टरपासून शिपायापर्यंत इथला कुणीही असो, गाऱ्हाणं घालताना तो मालवणीतच बोलतो, हे मी जन्मापासून बघत आले होते आणि का, असं कधी विचारलं नव्हतं. मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "देवाकडे हापिसातली भाशा चलणा नाय. ज्या भाशेत आवशीकडे रडलंव, त्याच भाशेत सांगूक व्हया."

आवस म्हणजे आई, एवढं फोडून मी इंग्रजीत सांगितलं, नातीने रशियनमध्ये. म्हातारा जागच्या जागी उभा राहिला. सासूबाई त्याच्याकडे बघत होत्या. मग त्या गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या आणि मानकऱ्यांना म्हणाल्या, ह्या पावण्याचा पण एक गाराणा आसा. मानकऱ्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि नारळ त्याच्या हातात दिला. तो माझ्याकडे वळला, नातीकडे वळला. सभागृहातली ती खुसखुस आत्ता त्याच्या कानात असणार, हे मला कळत होतं. सासूबाईंनी त्याला सांगितलं, "तुज्या मनात काय आसा ता सांग. आमी आसंव."

हे मात्र कुणी भाषांतर केलं नाही.

तो बोलला. पहिलं वाक्य लहान होतं. सिनेमातल्या त्या भरदार आवाजाशी त्याचं काही नातं नव्हतं. बारीक, घोगरा, मध्येच फाटणारा आवाज, वाऱ्यावर होडीतून हाक मारावी तसा. एक वाक्य बोलून तो थांबला. धाप लागली असेल किंवा पुढे जायचा धीर झाला नसेल. आणि मग मानकऱ्यांच्या तोंडून सवयीने निघालं, आणि त्यांच्यामागून सगळ्या गावाच्या तोंडून निघालं, "व्हय म्हाराजा!"

तो दचकला. आमच्याकडे बघितलं. कुणी हसत नव्हतं. त्याने दुसरं वाक्य म्हटलं आणि थांबला. "व्हय म्हाराजा!" तिसरं. आता तो थांबून वाट बघत होता. त्याचा आवाज मोकळा होत गेला, पाठ सरळ झाली, नारळ धरलेले हात वर आले. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. पण वाक्य कुठे संपतं आणि हो कुठे म्हणायचं, हे लहान-थोर सगळ्यांना कळत होतं, जणू ते आमच्याच कुणाचं गाऱ्हाणं होतं. पलीकडच्या खोपींतली माणसं येऊन मागे उभी राहिली आणि तीही ओ देऊ लागली. कचेरीची नोकरी लागल्यापासून गाऱ्हाण्याला मी नुसते ओठ हलवत असे. त्या संध्याकाळी मी पोटातून ओरडत होते, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते मी पुसलंही नाही. आयुष्यात मी मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकली आहेत, मंत्र्यांना चहा दिला आहे. माणसाच्या आवाजापुढे मी एवढी लहान कधी झाले नव्हते.

नात दोन्ही हात तोंडावर धरून बसली होती. बंद पडलेला फोन तिच्या मांडीवर होता.

शेवटी त्याने नारळ मानकऱ्यांना परत दिला आणि आमच्यात येऊन बसला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, गाऱ्हाण्याला वाजवत नाहीत. सासूबाईंनी त्याच्या पानावर भात वाढला आणि तो नेहमीपेक्षा दुप्पट जेवला.

दुसऱ्या दिवशी देवाने उजवा कौल दिला. ढोल वाजले आणि गाव धावत सुटलं. म्हातारा मात्र वेशीवर थांबला. माणसं, गुरं, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका, सगळे त्याच्यासमोरून आत जात होते आणि तो एकेकाकडे बघत होता. सासूबाई त्याच्याबरोबर उन्हात उभ्या राहिल्या, मी कोंबड्या घेऊन पुढे गेले. शेवटचा माणूस आत गेल्यावर ती दोघं आली. घरात शिरून तो थेट चुलीपाशी गेला, गुडघे टेकले, खिशातून काडेपेटी काढली. एका काडीत पेटली.

चुलीसमोर बसूनच नातीने त्याला विचारलं, काल काय सांगितलंत? तो बराच वेळ तिच्याशी बोलत राहिला, रशियनमध्ये, आणि तिने रडत रडत मला सांगितलं. किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांच्या गावातली घरं त्याने क्रमाने घेतली होती. एका वाक्यात एक घर. घराचं नाव, घरातल्या माणसांची नावं, आणि पुढे एवढंच, ही माणसं वेशीबाहेर आहेत, यांना परत यायचा कौल दे. म्हणजे त्या प्रत्येक घराला आमच्या गावाने हो म्हटलं होतं.

हिवाळा सरल्यावर ते दोघं गेले. नात त्याला त्याच्या देशी पोचवायला गेली आणि तिकडेच राहिली. मधल्या काळात तिचे दोन-चार शब्द यायचे, आजोबा बरे आहेत, सासूबाईंना नमस्कार. मग परवा, सकाळच्या कामाच्या घाईत, फोनवर तिच्याकडून काहीतरी आलं. लिहिलं होतं, आता रोज सकाळी चहा झाला की ते स्वतःहून बोलायला बसतात, मी भरून घेते, हे पहिलं तुम्हाला पाठवतेय.

मी ते लावून फोन ओट्यावर ठेवला. तोच घोगरा आवाज स्वयंपाकघरात आला. एक वाक्य, आणि मग काहीच नाही. मला वाटलं बंद पडलं. तेवढ्यात दुसरं वाक्य आलं, आणि परत तेवढीच शांतता. मी फोनची रेंज बघायला लागले. सासूबाई नारळ खवत होत्या, त्यांचा हात थांबला होता. तिसरं वाक्य संपलं तसं त्या फोनकडे तोंड करून म्हणाल्या, "व्हय म्हाराजा."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तो थांबलोसा गो. तू पण म्हण."

मी गॅस बंद केला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. पुढचं वाक्य संपल्यावर आम्ही दोघींनी म्हटलं, आणि त्याच्या पुढच्यालाही.